हातभर अंतराचा समुद्रप्रवास

पैठणचा नाथसागर हाच आपला समुद्र मानणाऱ्या छत्रपती संभाजीनगरातील घरांत कोकणसहलीचा बेत ठरला, की ज्येष्ठांचे एक वाक्य हमखास कानी पडते : "बोटीने तुम्ही जाऊन या, मी काठावर बसतो." लाटांची भीती हे या वाक्याचे कारण क्वचितच असते. दुखरे गुडघे, लघवीची घाई आणि आपल्यामुळे इतरांचा खोळंबा होईल हा संकोच त्यामागे दडलेला असतो. तो ओळखून बोट निवडली, तर काठावर बसण्याची वेळ बहुधा येत नाही.

ज्येष्ठांची कसोटी भर पाण्यात लागत नाही; धक्का आणि बोट यांमधल्या हातभर अंतरात लागते. लाँचमध्ये चढताना ती खालीवर होत असते. ओहोटीला पाणी उतरले, की धक्क्याच्या शेवाळलेल्या पायऱ्याही उघड्या पडतात. अशा वेळी घरच्या एका माणसाने आधी बोटीत उतरावे, दुसऱ्याने मागे राहावे. ज्येष्ठांना हाताला धरून ओढू नये. त्यांनाच आपल्या दंडाचा आधार घेऊ द्यावा. बोट पायरीच्या पातळीला आली, की मगच पाऊल टाकावे. मागची गर्दी पुढे गेली तरी चालेल.

हे अंतरच टाळायचे असेल, तर कोकणातल्या खाड्यांमधील वाहने नेणारी फेरीबोट, म्हणजेच तिथली 'जंगलजेटी', निवडावी. दाभोळ–धोपावे, वेसवी–बागमांडला, आगरदांडा–दिघी, जयगड–तवसाळ अशा ठिकाणी मोटार सरळ बोटीवर चढते. आजी-आजोबांना गाडीतून उतरावेही लागत नाही. दाभोळला वाशिष्ठी समुद्राला मिळते. काच खाली केली, की खारा वारा आत येतो, एका तीरावरची घरे हळूहळू लहान होतात आणि हिवाळ्यात कुरव पक्षी सोबत करतात. दहा-पंधरा मिनिटांत पैलतीर येतो. सुट्टीच्या दिवशी मात्र बोटीची वाट पाहत उन्हात रांगेत तिष्ठावे लागते आणि शेजारच्या गाडीचा धूर नाकात जातो. म्हणून सकाळची फेरी उत्तम. दुपारनंतर वाराही वाढतो.

मुंबईतून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला 2020 पासून रो-रो बोट जाते. प्रवास सुमारे तासाभराचा असून बोटीवर स्वच्छतागृह आहे. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँच पावसाळ्यात बंद असतात. घारापुरीच्या लेण्यांसाठी शंभराहून अधिक पायऱ्या चढाव्या लागतात. वेरूळ ज्यांच्या दाराशी आहे, त्यांनी गुडघ्यांना ही शिक्षा कशाला द्यावी?

आता 'बोट लागण्या'विषयी. अंतर्कर्णाला डोलणे जाणवते, पण डोळ्यांना समोरचा बाक स्थिर दिसतो. या विसंगतीतून मळमळ उद्भवते. उतारवयात हा त्रास सहसा कमी होतो. बोटीच्या मध्यभागी बसावे, दूर क्षितिजाकडे पाहावे, पोट रिकामेही नसावे आणि तुडुंबही. उलटीवरची गोळी दुकानातून आणून परस्पर देऊ नये. अशा अनेक गोळ्यांनी ज्येष्ठांना गुंगी येते, गोंधळल्यासारखे होते, तोल जातो. प्रोस्टेट किंवा काचबिंदू असल्यास त्या अधिक घातक ठरू शकतात. आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. लघवीच्या धास्तीने पाणी पिणे सोडणे किंवा रक्तदाबाची गोळी चुकवणे हेही तितकेच धोक्याचे. इन्सुलिन आणि रोजची औषधे तापलेल्या डिकीत न ठेवता हातातल्या पिशवीत असावीत.

जीवरक्षक जॅकेट गरम होते, गळ्याशी टोचते, म्हणून बरेच जण ते मांडीवर ठेवतात. 18 डिसेंबर 2024 रोजी घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान नौका आदळली आणि काही क्षणांत माणसे पाण्यात पडली. अशा वेळी जॅकेट शोधायला, त्याचे पट्टे बांधायला सवड नसते. बोट सुटण्यापूर्वीच ते अंगात असावे.

रात्रभराच्या रेल्वेप्रवासानंतर लगेच बोट गाठू नका. एक मुक्काम विश्रांतीसाठी ठेवा. पैलतीरी उतरल्यावरही काही वेळ जमीन डोलल्यासारखी भासते. तेवढा वेळ धक्क्याजवळच्या टपरीवर चहा घ्यावा, आणि पुढे निघताना पहिली काही पावले हात धरूनच चालावे.