तापलेली भिंत आणि फुटाचा भाव : पारोळ्यातलं रंगकाम

आम्ही पारोळ्यात आणि आजूबाजूच्या गावांत घरांच्या रंगकामाचे ठेके घेतो. ठेका ठरताना घरमालक हमखास विचारतात, "रंग किती वर्षं टिकेल?" (भावाचा प्रश्न त्याआधीच होऊन गेलेला असतो.) डब्यावर पाच वर्षं, सात वर्षं असं छापलेलं असतं. ते खोटं नसतं, पण त्याला अटी असतात, आणि त्या बारीक अक्षरात असतात. आमच्या भागात रंग टिकतो की नाही हे कंपनीपेक्षा दोन गोष्टींवर जास्त अवलंबून असतं. रंग दिवसाच्या कोणत्या वेळी लावला, आणि भिंतीला पाणी किती मिळालं. गंमत अशी, की ठेक्याच्या भावात या दोन्हींचा पैसा कुठेच धरलेला नसतो.

खान्देश म्हणजे काही वाळवंट नव्हे. पण मे महिन्यात पारा 44-45 वर जातो, हवा कोरडी असते, आणि दुपारनंतर पश्चिमेच्या भिंतीला हात लावून ठेवता येत नाही. नेमकं याच काळात काम जास्त येतं. लग्नसराई असते, आणि आखाजीला लेकी माहेरी येणार असतात. "भाऊ, आखाजीच्या आत आवरा," हे वाक्य आम्ही दरवर्षी ऐकतो. दुसरा हंगाम दिवाळीचा. तेव्हा भिंतीत पावसाची ओल अजून मुरलेली असते. म्हणजे रंगाला मानवणारे महिने, डिसेंबर ते फेब्रुवारी, मोकळे जातात आणि न मानवणाऱ्या महिन्यांत पायाड बांधायला बांबू मिळत नाहीत.

तापलेल्या भिंतीवर नेमकं काय होतं ते समजून घेऊ. प्लास्टिक पेंट किंवा इमल्शन म्हणजे पाण्यात तरंगणारे चिकट पदार्थाचे अतिशय बारीक कण, सोबत रंगाची भुकटी. पाणी हळूहळू उडतं, कण एकमेकांजवळ येतात, एकमेकांत मिसळतात आणि त्यांचा सलग पापुद्रा तयार होतो. पाऊस, ऊन हे सगळं तोच पापुद्रा अडवतो. आता भिंत तव्यासारखी तापली असेल तर निम्मं पाणी भिंत पिऊन टाकते, उरलेलं लू घेऊन जाते. कणांना जुळायला वेळच मिळत नाही. वरून भिंत छान दिसते, पण काही महिन्यांनी हात फिरवला की तळव्याला पांढरी पूड लागते.

यातला दुसरा घोळ माणसाच्या हातून होतो. गरम भिंतीवर ब्रश ओढतो, पुढे सरकत नाही. मग कारागीर डब्यात पाणी वाढवतो. ब्रश सुळसुळ चालतो, रंगही जास्त फूट जातो, मालक खूश. पण प्रत्येक हात पातळ बसलेला असतो.

पाणी डब्यात नको, भिंतीवर हवं. कोरडी, तहानलेली बाहेरची भिंत असेल तर आधी पाणी शिंपडायचं, वरचा ओलेपणा गेला की रंग लावायचा. सिमेंट पेंट आणि चुना यांना तर रंग बसल्यावरही पाणी मारावं लागतं. चुना नुसता वाळून घट्ट होत नाही. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगडासारखा होतो, आणि त्याला ओलावा लागतो. उन्हात कडकडीत वाळलेला चुना म्हणूनच अंगाला लागतो. दारं-खिडक्यांच्या ऑइल पेंटचं मात्र उलट. तिथे ओल अजिबात चालत नाही. आता मे महिन्यात पारोळ्यात भिंतीला मारायला पाणी मागायचं म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायला नको. घरात प्यायच्या पाण्याचे हंडे मोजून भरलेले असतात. म्हणून टँकर कोणी आणायचा, हे रंगाची छटा ठरवायच्या आधी ठरलं पाहिजे, असं आमचं मत आहे.

काळ्या जमिनीचाही हिशोब आहे. उन्हाळ्यात काळी माती आकसते, पाया हलतो, भिंतीला तडे जातात. पावसाळ्यात माती फुगते आणि तेच तडे मिटायला लागतात. मे महिन्यात रुंद झालेल्या तड्यात कडक पुट्टी ठासली, तर जुलै-ऑगस्टमध्ये ती दाबली जाते आणि पापडी होऊन बाहेर पडते. तिथे थोडं ताणणारं, दबणारं क्रॅकफिलर लागतं. ते महाग असतं, म्हणून पुष्कळदा गाळलं जातं. आणि गावातली जुनी धाब्याची घरं असतील तर मातीच्या भिंतींना चुनाच बरा. त्यांच्यातली ओल बाहेर पडायला वाट लागते. वर प्लास्टिक पेंट चोपडला की वाट बंद होते, आणि मग रंग मातीचा थर घेऊनच सुटतो.

हे सगळं कारागिरांना माहीत नसतं असं नाही. चांगल्या कारागिराला तळवा टेकवताच कळतं. मग तो दुपारी दोनला पायाडावर का चढतो? कारण भाव चौरस फुटावर असतो. सकाळी 6 ते 10 आणि संध्याकाळी 4 नंतर, एवढंच बाहेरचं काम धरलं तर आठ दिवसांचं काम बारा दिवसांवर जातं. त्या चार दिवसांची मजुरी कोण देणार? ज्या तासांत भिंत खराब होते, त्याच तासांत माणसाला चक्कर येते. आणि तो जमिनीवर नसतो, पंधरा-वीस फुटांवर बांबूला धरून असतो.

बाहेर काय चालतं ते पाहू. अमेरिकेत अ‍ॅरिझोना राज्यातलं फिनिक्स खरोखरच वाळवंटातलं शहर. 2023 च्या उन्हाळ्यात तिथे सलग 31 दिवस पारा 43 अंशांच्या वर होता. त्या राज्यात रंगकामाच्या ठेकेदारालाही परवाना लागतो. अनुभव दाखवावा लागतो, परीक्षा असते, हमीची रक्कम असते, आणि काम बिघडलं तर मालकाला दोन वर्षांच्या आत परवाना देणाऱ्या कार्यालयाकडे तक्रार करता येते. संयुक्त अरब अमिरातीत 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला बंदी आहे. आपल्याकडे वीजजोडणीच्या ठेकेदाराला परवाना लागतो, रंगाऱ्याला नाही. सरकारी इमारत रंगवायची तर सार्वजनिक बांधकाम विभागाची नोंदणी हवी, सेवेची वर्षाची उलाढाल 20 लाखांवर गेली की जीएसटी. पण भिंत कशी तपासायची, हे कुठलाच कागद विचारत नाही.

एक कागद मात्र आपल्याकडे आहे आणि तो कामाचा आहे. बांधकाम कामगारांच्या कायद्यात रंगारीही येतो. 18 ते 60 वयाच्या ज्या कामगाराने वर्षात 90 दिवस असं काम केलं आहे, त्याला राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते. त्या 90 दिवसांचा दाखला ठेकेदार देऊ शकतो. काही ठेकेदार तो द्यायला कचरतात, आपली सही कुठेतरी अडकेल म्हणून. आम्हाला हे पटत नाही. ज्याला आपण पायाडावर चढवतो, त्याला सहीसाठी चकरा मारायला लावू नयेत.

उरला मालकाशी करायचा कागद. साध्या वहीचं पान चालतं. त्यावर चौरस फूट आणि भाव असतोच. त्याखाली एवढं लिहून घ्या : पाणी कोणाचं, तड्यात काय भरणार, प्रायमर धरून किती हात, डब्यात पाणी किती, पश्चिमेची भिंत सकाळी 10 च्या आत, पूर्वेची दुपारी 4 नंतर. आणि घर आखाजीला तयार हवं असेल, तर काम होळीच्या आधी सुरू.