येलदरीच्या काठावर डिस्क गोल्फ

परभणी जिल्ह्यात डिस्क गोल्फची सहल आखावी असे कोणी सुचवले, तर ऐकणारा आधी डोंगर कुठे म्हणून विचारील, मग तळे कुठे, आणि शेवटी हा खेळ तरी कोणता. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे जिंतूर तालुक्यात आहेत. जिल्ह्याच्या उत्तरेला अजिंठ्याच्या रांगेचे फाटे उतरत येतात, त्यांतून पूर्णा नदी वाट काढते आणि येलदरीला ती अडवलेली आहे. १९६८ साली पुरे झालेल्या या धरणात सुमारे ९३४ दशलक्ष घनमीटर पाणी मावते, पायथ्याशी २२.५ मेगावॅटचे वीजघर आहे. १ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळा जिल्हा झाला तेव्हा औंढा नागनाथ आणि सिद्धेश्वर धरण तिकडे गेले, येलदरी परभणीकडे राहिले. कोकणातून किंवा साताऱ्याकडून येणारा या टेकड्यांना डोंगर म्हणणार नाही, आणि ते खरेही आहे. पण या खेळाला शिखर लागत नाही. त्याला उतार, मोकळी जागा आणि थोडी झाडे लागतात.

खेळ असा, की चेंडूऐवजी हातात प्लास्टिकची जड चकती घ्यायची आणि ती ठरलेल्या जागेवरून दूरच्या लक्ष्याकडे फेकायची. जिथे पडेल तिथून पुढची फेक. सर्वांत कमी फेकींत सगळी लक्ष्ये गाठणारा जिंकला. चकत्या साधारण दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅमच्या असतात: लांब फेकीसाठी धारदार काठाचा ड्रायव्हर, मधल्या पल्ल्यासाठी मिडरेंज आणि जवळून टाकायला बोथट काठाचा पटर. नव्याने शिकणाऱ्याने ड्रायव्हर घेऊच नये. वेग देता आला नाही तर ती चकती डावीकडे कोसळते आणि माणूस खेळावरच रुसतो. अमेरिकेत व्हॅम-ओ कंपनीत फ्रिस्बी सुधारणाऱ्या एड हेड्रिक यांनी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिला कायमचा कोर्स उभारला आणि साखळ्या लोंबणाऱ्या लोखंडी टोपलीचे पेटंट १९७७ मध्ये मिळवले. (२००२ मध्ये ते वारले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची रक्षा काही चकत्यांच्या प्लास्टिकमध्ये मिसळण्यात आली. भक्ती कुठेही उगवते.) आपल्या कामाची गोष्ट ही, की त्या पहिल्या कोर्सवर सुरुवातीला टोपल्या नव्हत्या, नुसते खांब होते. त्याही आधी लोक झाडांवर आणि कचऱ्याच्या पिंपांवर नेम धरत. लक्ष्य हे खेळणाऱ्यांच्या संमतीने ठरते, कारखान्यात नाही.

म्हणूनच ‘तिथे कोर्सच नाही, मग सहल कसली’ हा आक्षेप मला टिकाऊ वाटत नाही. गोल्फच्या बाबतीत तो टिकला असता. अठरा होलच्या गोल्फ मैदानाला साधारण ५० ते ६० हेक्टर जमीन लागते आणि हिरवळ जगवायला वर्षभर पाणी पाजावे लागते. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले होते. अशा मुलखात खेळासाठी हिरवळ भिजवण्याची कल्पनाही कोणी मांडू नये. डिस्क गोल्फला मात्र जमीन आहे तशी चालते. सपाटीकरण नको, पाणी नको, झाडतोड तर नकोच, कारण झाड हाच इथला अडथळा. नऊ होलचा छोटा कोर्स पाच-सहा एकरांत बसतो. फिनलंड, एस्टोनिया, आइसलँड या देशांत लोकसंख्येच्या मानाने कोर्सची दाटी जगात सर्वांत जास्त आहे, आणि त्यातले बहुसंख्य सार्वजनिक, फुकट, रानात किंवा तळ्याकाठी आहेत. तिथे हा खेळ फोफावला तो श्रीमंतीमुळे कमी आणि जमिनीकडून फार थोडे मागत असल्यामुळे अधिक, असे माझे मत आहे. आपल्याकडे विटीदांडूला जसे मैदान बांधावे लागले नाही, तशातलीच ही गोष्ट. घडीच्या दोन टोपल्या सोबत न्याव्यात आणि उरलेल्या ठिकाणी काठीला रंगीत फडके बांधावे.

पण जमीन आहे तशी वापरायची, तर तिचे वेळापत्रकही पाळावे लागते, आणि सहलीची खरी आखणी इथून सुरू होते. आपल्याकडे सुट्टी म्हणजे मे महिना. परभणीत मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. टेकडीवर सावली नसते आणि जलाशय ओसरलेला असतो. जून ते सप्टेंबर पाऊस, आणि परतीचा पाऊस कधी कधी ऑक्टोबरही खातो. काळी जमीन तेव्हा पायाला धरून ठेवते. माळावरचा मुरूम लवकर वाळतो, पण त्यावर गवत गुडघ्यापर्यंत आलेले असते. त्यात पडलेली चकती शोधणे हाच मग खेळ होऊन बसतो, शिवाय सापाकिरड्याचे भय. गवत कापले गेले की माळ मोकळा होतो, तरी कुसळे मोज्यांत घुसतातच. पायघोळ जाड पँट बरी. तेव्हा डिसेंबरचा मध्य ते फेब्रुवारीचा मध्य, एवढाच काळ धरावा. बरा पाऊस झालेला असेल तर जलाशयात तेव्हा पाणी दिसते आणि ऊन सोसवते. थंडी मात्र हलकी समजू नये. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या हवामान नोंदींत परभणीचे किमान तापमान पाच अंशांच्या खाली गेल्याचे आढळते. सकाळी बोटे आखडलेली असताना लांब फेक करू नये. पटरने हात सैल करावा.

काठावरची मांडणी विचाराने करावी लागते. उजव्या हाताने उलट्या फटक्यात फेकलेली चकती शेवटी डावीकडे वळते आणि उतारावरून फेकली तर हवेत जास्त वेळ राहून आणखी वळते. बहुतेक चकत्या पाण्यात बुडतात. यावरून नियम निघतो: पाणी नेहमी उजव्या हाताला ठेवावे आणि पाण्यावरून फेक कधीच आखू नये. डावखुऱ्याने त्याच होलवर दुसऱ्या जागेवरून सुरुवात करावी. वाऱ्याचेही तसेच. समोरून वारा असेल तर चकती उचलली जाऊन उजवीकडे कलंडते, पाठीमागून असेल तर लवकर खाली बसते. उघड्या पाण्यावरून येणाऱ्या वाऱ्याला अडवायला काही नसते, म्हणून काठाजवळचे होल सकाळी खेळावेत आणि वारा उठला की टेकडीच्या आडोशाला जावे. पाणी मागे हटलेल्या गाळावर कोर्स आणण्याचा मोह होईल, कारण ती जागा सपाट असते. तो टाळावा. तिथे गाळपेऱ्याची पिके असतात.

सर्वांत वजनदार आक्षेप इथेच आहे: ही जमीन रिकामी दिसते, पण रिकामी नसते. माळावर गुरे चरतात, उताराखाली रब्बीची ज्वारी उभी असते, धरणाची भिंत आणि वीजघर यांचा परिसर तर सुरक्षेचाच. शहरी पाहुण्यांनी यावे आणि दुसऱ्याच्या रानात प्लास्टिक फेकावे, ही तक्रार ऐकण्याआधीच मान्य केलेली बरी. तिचे उत्तर खेळाच्या नियमांतच सापडते. डिस्क गोल्फमध्ये हद्दीबाहेर गेलेल्या चकतीला एका फेकीचा दंड असतो. इथे प्रत्येक बांध म्हणजे हद्द धरावी, आणि ज्वारीत गेलेली चकती शेतकऱ्याला विचारल्याशिवाय आणू नये. धरणाची जमीन असेल तर जलसंपदा विभाग, रान असेल तर वनविभाग, गायरान असेल तर ग्रामपंचायत, अशी लेखी परवानगी आधी घ्यावी. खासगी माळ भाड्याने मिळाला तर सर्वांत उत्तम, कारण मग मालकाला चार पैसे मिळतात. येलदरीचे पाणी परभणी शहर पिते, हेही ध्यानात असावे. आणि याच सहलीत लोणार जोडणार असाल, तर तिथे चकती पिशवीतून बाहेर काढू नये. उल्केने बेसाल्टात खणलेले ते विवर अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर यादीत आहे. ते पाहायला जावे, खेळायला नाही.

मग पाचगणी-महाबळेश्वर का नको? तिथे राहण्याची सोय बरी, डोंगर खरे आणि तळेही आहे. पण वेगाने जाणाऱ्या चकतीला साठ-सत्तर मीटर निर्मनुष्य जागा लागते आणि सुट्टीतल्या गर्दीत ती मिळत नाही. शिवाय २००१ पासून तो सारा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर आहे. जिंतूरकडे सोयी कमी, हे कबूल. जिंतूरला रेल्वे नाही. मुंबईहून देवगिरी किंवा तपोवन एक्स्प्रेसने परभणीला उतरावे आणि पुढे पंचेचाळीसेक किलोमीटर रस्त्याने जावे. मुक्काम साध्या लॉजवर होईल. ज्यांना खेळात रस नाही त्यांच्यासाठी जिंतूरलगतची नेमगिरीची जैन लेणी-मंदिरे आहेत, चारठाण्याची हेमाडपंती मंदिरे आहेत, औंढ्याचे नागनाथ आहे, आणि जानेवारीत गेलात तर हुरडा आहे. तीन दिवस पुरतात. परवानगीची कागदे मात्र वेळ खातात. डिसेंबरात निघायचे असेल तर अर्ज दिवाळीपूर्वीच द्या, आणि परतताना निदान दोन चकत्या जवळच्या जिल्हा परिषद शाळेत ठेवून या.