पिवळ्या उजेडातला रोजा

मांडवीत असरची नमाज नुकतीच झालेली असते. मगरिबला अजून दोन तास असतात. तेवढ्यात मोबाइल वाजतो. "मामू, रोजा सोडला. आता परत आत चाललोय." सिंगापूरचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. माझा भाचा तिथल्या एका सेमीकंडक्टर कारखान्यात इंजिनिअर आहे.

कोकणी मुसलमानांच्या घरात परदेशची नोकरी नवी नाही. एक पिढी बोटीवर गेली, दुसरी आखातात. हा मुलगा चिप बनवायला गेला. मोबाइल, मोटार, एटीएम यांना चालवणारी चिप 300 मिलिमीटर व्यासाच्या सिलिकॉनच्या चकतीवर घडते. शेकडो टप्पे, दोन-तीन महिन्यांचे काम. कारखाना चोवीस तास सुरू असतो, सणालाही थांबत नाही.

सगळा मामला स्वच्छतेचा. केसाहून कितीतरी बारीक कण बसला तरी चिप वाया जाते. म्हणून आत जाण्याआधी टोपी, मास्क, दाढीवर आवरण, डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख, हातमोजे, आणि शेवटी हवेचा झोत. भाचा हसून म्हणतो, "हा आमचा दुसरा वुझू." अत्तर आणि सुरमा बंद. साधी पेन्सिलही चालत नाही, तिच्या शिशाची पूड उडते. चकतीवर आकृती छापतात त्या भागात पिवळा उजेड असतो, कारण तिथले रसायन निळ्या आणि अतिनील प्रकाशाने बिघडते. आत खिडकी नाही. सूर्य बुडाला हे घड्याळच सांगते.

पाळी सकाळी आठ ते रात्री आठ. इफ्तार सव्वासातच्या सुमारास. बाहेर यायचे, पोशाख उतरवायचा, खजूर, पाणी, मगरिब, की पुन्हा सगळा पोशाख चढवून आत. तेवढा वेळ त्याचे यंत्र एक तमिळ सहकारी सांभाळतो. दिवाळीला हा त्याची पाळी घेतो. हे त्यांचे आपसात ठरलेले आहे.

गेल्या रमजानमध्ये एकदा त्याला सहरीला जागच आली नाही. तसाच रोजा ठेवून कामावर गेला. दुपारी यंत्रासमोर डोळ्यांपुढे अंधारी आली. एका डब्यात पंचवीस चकत्या असतात आणि प्रत्येकीवर शेकडो चिप्स. चुकीचा आदेश गेला तर सगळ्या भंगारात. त्याने हात मागे घेतला, वरिष्ठाला सांगितले, बाहेर येऊन पाणी प्यायला.

रात्री फोनवर तो रडवेला झाला होता. त्याची अम्मी, माझी आपा, आधी रागावलीच. "नोकरीसाठी रोजा तोडलास?"

मी तिला एवढेच म्हटले की कुरआनातल्या सूरह बकरामध्येच आजारी माणसाला आणि प्रवाशाला सवलत आहे, राहिलेले रोजे नंतर पूर्ण करता येतात. भोवळ येत असताना यंत्र चालवणे ही इबादत नव्हे. हातातले काम ही अमानत आहे. ती आपल्याने सांभाळत नाही, हे वेळेवर कबूल करणे रोज्यानेच शिकवायचे असते. ईदनंतर त्याने त्या रोज्याची कझा केली.

हा प्रश्न आता सिंगापूरपुरता राहणार नाही. 13 मार्च 2024 रोजी, त्या वर्षीच्या दुसऱ्या रोज्याला, ढोलेरा, साणंद आणि आसाममधल्या जागीरोड इथल्या तीन प्रकल्पांची पायाभरणी झाली. रत्नागिरीसाठीही सेमीकंडक्टर प्रकल्पाची घोषणा झाली आहे. वर्गातली मुले विचारतात, "सर, पगार किती?" मी त्यांना बारा तासांची पाळी, उभ्याने काम, रात्र-दिवसाचा विसर, हेही सांगतो. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, डिप्लोमा, सगळ्यांना तिथे जागा असते. पण 'मला आत्ता जमत नाही' म्हणण्याची हिंमतही लागते.

आपाचा राग दोन दिवसांत गेला. यंदा तिने वेगळाच नेम धरला आहे. सिंगापुरात पहाटेचे पाच म्हणजे मांडवीत रात्रीचे अडीच. गजर लावून ती उठते, मुलाला फोन करते, तो जेवायला बसल्याची खात्री करते. मग पुन्हा झोपत नाही. आमच्या सहरीला अजून दोन-अडीच तास असतात. तेवढ्यात ती भाकऱ्यांचे पीठ मळून ठेवते.