प्रवासातील स्वयंपाकाच्या गॅसचे नियोजन

प्रवासातील स्वयंपाकाच्या गॅसचे नियोजन म्हणजे दीर्घ प्रवासात सिलिंडरमधील द्रवरूप पेट्रोलियम वायू (एलपीजी) किती लागेल याचा अंदाज बांधणे, तो सुरक्षितपणे वाहून नेणे, वाटेत टाकी बदलून घेणे आणि भिन्न प्रदेशांतील जोडण्यांशी आपली उपकरणे जुळवून घेणे होय. परदेशात हा प्रश्न मुख्यतः मोटारहोमच्या, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या वाहनाच्या संदर्भात पुढे येतो. महाराष्ट्रात पंढरीच्या वारीतील दिंड्या, आचारी सोबत घेऊन निघणाऱ्या तीर्थयात्रेच्या बसगाड्या आणि हंगामी स्थलांतर करणारी ऊसतोड कुटुंबे यांच्यासमोर तोच प्रश्न असतो.

मराठवाड्यातील संदर्भ

आषाढी वारीत दिंडीचा ट्रक पुढच्या मुक्कामी आधी पोहोचतो आणि वारकरी येईपर्यंत तेथे स्वयंपाक सिद्ध होतो. ट्रकमध्ये तंबू, शिधा व भांडी यांबरोबर गॅसच्या टाक्याही असतात. नांदेड व लातूर जिल्ह्यांतून काशी, रामेश्वर किंवा उत्तराखंडातील चारधामकडे जाणाऱ्या खासगी यात्रा-बसमध्येही बहुधा अशीच व्यवस्था असते.

बीड, लातूर, नांदेड आदी जिल्ह्यांतील ऊसतोड मजूर दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. फडाजवळच्या कोपीत गावाकडच्या पत्त्यावरील गॅसजोडणी सहसा उपयोगी पडत नाही. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेच्या २०२१ मधील दुसऱ्या टप्प्यात स्थलांतरित कुटुंबांना पत्त्याच्या पुराव्याऐवजी स्वयंघोषणापत्र देण्याची मुभा मिळाली. कोपी पाचटाची व बुटकी असल्यामुळे तेथे गॅस वापरताना विशेष दक्षता आवश्यक ठरते.

वायूचे गुणधर्म

एलपीजी हे मुख्यतः प्रोपेन व ब्युटेन यांचे मिश्रण आहे. दाबाखाली ते द्रवरूपात राहते. बाहेर पडताच एका लिटर द्रवाचा सुमारे २५० लिटर वायू होतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाल्यास वर न जाता जमिनीलगत, खड्ड्यात किंवा वाहनाच्या तळाशी साचतो. म्हणून वाहनात वायुवीजनाची झडप तळाशी असणे आवश्यक असते. केवळ वरची खिडकी उघडी ठेवणे पुरेसे नसते. वायूला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मर्कॅप्टन हा उग्र वासाचा पदार्थ मिसळतात.

टाकी नेहमी उभी ठेवतात. आडवी केल्यास वायूऐवजी द्रवच रेग्युलेटरपर्यंत पोहोचून ज्योत अनावर भडकू शकते. टाकी काठोकाठ भरलेली नसते. १४.२ किलोच्या टाकीची जलधारणक्षमता ३३.३ लिटर असते. द्रव त्यातील सुमारे तीन-चतुर्थांश जागा व्यापतो. उरलेली जागा उष्णतेने होणाऱ्या प्रसरणासाठी राखलेली असते. मोठ्या टाकीतून छोट्या टाकीत परस्पर गॅस भरून घेणे बेकायदेशीर आहे. त्यात ही मोकळी जागा राहिली की नाही हे कळत नाही, आणि मराठवाड्यातील उन्हाळ्यात अशी टाकी फुटण्याचा धोका वाढतो.

थंडीचा परिणाम

सामान्य दाबाखाली ब्युटेन सुमारे शून्य अंश सेल्सिअसला, तर प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळते. त्यामुळे कडाक्याच्या थंडीत टाकीत द्रव शिल्लक असूनही ज्योत मंदावते. बद्रीनाथ किंवा लेहसारख्या उंच ठिकाणी गेलेल्या प्रवाशांना टाकी अकाली संपल्याचा भास होतो, त्याचे हेच कारण आहे. मोठी भट्टी शेगडी दीर्घकाळ चालविल्यास बाष्पीभवनामुळे टाकी गार पडते व तिच्यावर दव किंवा बर्फ धरतो. अशा वेळी दुसरी टाकी जोडून पहिलीला विश्रांती देणे हा योग्य उपाय आहे. टाकीखाली जाळ करणे प्राणघातक ठरू शकते.

टाक्यांचे प्रकार व तपासणी

भारतात घरगुती वापरासाठी १४.२ व ५ किलोच्या, तर व्यावसायिक वापरासाठी १९ व ४७.५ किलोच्या टाक्या मिळतात. घरगुती टाकी केवळ घरगुती स्वयंपाकासाठी असते. व्यावसायिक यात्रेसाठी ती वापरणे नियमबाह्य आहे. मुक्त विक्रीची ५ किलोची टाकी पत्त्याच्या पुराव्याशिवाय, केवळ ओळखपत्रावर मिळते. ‘छोटू’ या नावाने इंडियन ऑइल ती विकते. काही पेट्रोलपंपांवर व दुकानांतही ती उपलब्ध असल्यामुळे छोट्या कुटुंबाच्या प्रवासाला सोयीची असते.

टाकीच्या मुठीजवळील पट्टीवर पुढील चाचणीची मुदत इंग्रजी वर्णमालेतील पहिल्या चार अक्षरांपैकी एक अक्षर व वर्षाचे शेवटचे दोन अंक अशा खुणेने लिहिलेली असते. ए म्हणजे मार्चअखेर, बी म्हणजे जूनअखेर, सी म्हणजे सप्टेंबरअखेर आणि डी म्हणजे डिसेंबरअखेर. ‘बी-२८’ अशी खूण असल्यास ती टाकी जून २०२८ पर्यंत वापरण्यास योग्य असते. मुदत उलटलेली टाकी घेऊ नये. रबरी नळीवरही मुदत छापलेली असते. ती साधारणतः पाच वर्षांनी बदलतात.

गरजेचा हिशेब

रिकाम्या टाकीचे वजन टाकीवरच कोरलेले असते. भरलेली टाकी ताणकाट्यावर तोलून त्यातून ते वजा केल्यास शिल्लक गॅस कळतो. प्रवासापूर्वी चार-पाच दिवस असे वजन केल्यास रोजचा खप निश्चित होतो. उदाहरणार्थ, दोन माणसांना रोज २५० ग्रॅम गॅस लागतो असे धरल्यास ५ किलोची टाकी २० दिवस पुरते. ४५ दिवसांच्या प्रवासासाठी सव्वाअकरा किलो, म्हणजे पहिली टाकी धरून तीन टाक्यांची सोय करावी लागते.

एखाद्या दिंडीत रोज ४ किलो गॅस लागत असेल, तर १८ दिवसांना ७२ किलो, म्हणजे १९ किलोच्या चार टाक्या लागतात. एक राखीव धरल्यास एकूण साठा ९५ किलो होतो. गॅस सिलिंडर नियम, २०१६ नुसार एलपीजीच्या १०० किलोपर्यंतच्या साठ्यास परवाना लागत नाही. त्याहून मोठ्या दिंडीने सर्व टाक्या एकदम न बाळगता मार्गावर बदलून घेणे इष्ट ठरते. रिकामी टाकी त्याच कंपनीच्या विक्रेत्याकडे बदलून मिळते. म्हणून मार्गावरील विक्रेत्यांची यादी आधीच करून ठेवतात.

वाहतुकीवरील निर्बंध

रेल्वेत प्रवासी सामानासोबत गॅस सिलिंडर नेण्यास मनाई आहे. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १६४ नुसार धोकादायक वस्तू बेकायदेशीरपणे नेल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. नांदेडहून अमृतसरला जाणाऱ्या सचखंड एक्सप्रेससारख्या लांब पल्ल्याच्या गाडीतील यात्रेकरूंनाही हाच नियम लागू आहे. २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराई स्थानकात उभ्या असलेल्या, लखनऊहून आलेल्या खासगी पर्यटन डब्याला आग लागून नऊ जणांचा मृत्यू झाला. प्रवाशांनी बेकायदेशीरपणे आणलेला सिलिंडर या आगीस कारणीभूत असल्याचे रेल्वेने सांगितले. विमानातही सिलिंडर नेता येत नाही.

खासगी वाहनात टाकी प्रवाशांपासून वेगळ्या कप्प्यात, उभी व पट्ट्याने बांधलेली असावी. वाहन चालू असताना रेग्युलेटर काढून टाकीवर सुरक्षा टोपी बसवावी. बंद वाहनात शेगडी पेटविल्यास कार्बन मोनॉक्साइड या वासहीन विषारी वायूचा धोका असतो. गारठ्यात ऊब मिळावी म्हणून ती रात्रभर तेवत ठेवू नये.

परदेशातील मोटारहोम

युरोपात प्रत्येक देशाच्या टाक्या व झडपा भिन्न असल्यामुळे ब्रिटनमधील रिकामी टाकी फ्रान्स किंवा स्पेनमध्ये बदलून मिळत नाही. यावर तीन उपाय रूढ आहेत : अनेक देशांत मिळणाऱ्या कॅम्पिंगाझ कंपनीच्या छोट्या निळ्या टाक्या वापरणे, रेग्युलेटर वाहनाच्या भिंतीला कायम ठेवून देशागणिक जोडनळी बदलणे, किंवा पंपावर पुन्हा भरता येणारी, भरणमर्यादेची स्वयंचलित झडप असलेली टाकी बसविणे. पंपाच्या तोट्यांचेही चार प्रमुख प्रकार असल्यामुळे त्यांचे जोड सोबत ठेवावे लागतात. हिवाळ्यात प्रोपेनला पसंती दिली जाते. काही बोगद्यांत व जहाजांवर टाक्यांची संख्या किंवा वजन यांवर मर्यादा असते.

गळती झाल्यास

वास आल्यास ज्योत विझवावी, रेग्युलेटर बंद करावा, विजेचे बटण चालू वा बंद करू नये आणि सर्वांनी वाहनाबाहेर किंवा कोपीबाहेर मोकळ्या जागी जावे. गळती शोधण्यासाठी साबणाचे पाणी वापरतात, काडी कधीही नाही. भारतात एलपीजी गळतीच्या तक्रारीसाठी १९०६ हा क्रमांक चोवीस तास उपलब्ध असतो.