घटनेची प्रतवारी : काय झाले आणि काय होऊ शकले असते

बालाघाटच्या माणसाला खाण नवी नाही. भरवेली आणि उकवा येथील मँगनीजच्या भूमिगत खाणींमुळे या जिल्ह्याचे नाव दूरवर पोहोचले. मात्र खाणींच्या कायद्यात रुग्णालयांनी शिकण्याजोगी एक गोष्ट आहे, तिच्याकडे आम्हा डॉक्टरांचे लक्ष क्वचितच जाते.

१९५२ च्या खाण अधिनियमाने इजांची प्रतवारी केली होती. मृत्यू, त्याखालोखाल गंभीर शारीरिक इजा, आणि कामगाराला ७२ तास किंवा अधिक काळ कामावर येऊ न देणारी इजा. येथवर सारे अपेक्षितच. विशेष पुढेच आहे. माणसे वा माल खाली-वर नेणारा दोर तुटला, खाणीत पाणी घुसले, आग लागली किंवा विषारी वायू शिरला, तर कोणाला साधे खरचटलेही नसले तरी ती घटना अधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक होते. तुटलेल्या दोराखाली त्या क्षणी कोणी नव्हते, हा केवळ योगायोग, असे कायदा मानीत होता.

रुग्णालयात आपण नेमका हा योगायोग जमेस धरतो. ‘बाळाला काही झाले नाही ना?’ एवढे विचारून पाळी बदलते आणि घटना विरून जाते.

जेन्टामायसिनचेच उदाहरण घेऊ. हे औषध मिलिलिटरमागे १० मिलिग्रॅम आणि ४० मिलिग्रॅम अशा दोन तीव्रतांत मिळते. बाळाला १० मिलिग्रॅम द्यायचे असेल तर पहिल्या कुपीतून १ मिलिलिटर घ्यावे लागते, दुसरीतून फक्त पाव. कुप्यांची अदलाबदल झाली की मात्रा चौपट होते. अमेरिकेतील औषधचुकांविषयीच्या राष्ट्रीय समन्वय परिषदेने १९९६ मध्ये अशा चुकांसाठी ‘ए’ पासून ‘आय’ पर्यंत नऊ श्रेणी स्वीकारल्या. दोन्ही कुप्या एकाच खणात शेजारी ठेवल्या आहेत, अजून चूक घडलेली नाही. ही श्रेणी ‘ए’. चुकीचे औषध सिरिंजमध्ये भरले, पण दुसऱ्या परिचारिकेने वेळीच थांबविले, ही ‘बी’. औषध बाळापर्यंत पोहोचले, इजा झाली नाही, तर ‘सी’. इजा नाही याची खात्री करण्यासाठी रक्त तपासत राहावे लागले तर ‘डी’. मूत्रपिंडांना तात्पुरती इजा होऊन रुग्णालयातील मुक्काम लांबला तर ‘एफ’, श्रवणशक्ती कायमची गेली तर ‘जी’, आणि मृत्यू म्हणजे ‘आय’.

या सर्व श्रेणींचे मूळ तो एकच खण असू शकतो. म्हणून माझ्या मते विभागाच्या दृष्टीने सर्वांत मोलाच्या नोंदी ‘ए’ आणि ‘बी’ याच होत. आणि आपल्याकडे सर्वांत कमी लिहिल्या जातात त्याही याच. कारण उघड आहे. नोंदवहीत पहिला रकाना ‘जबाबदार कर्मचारी’ असा असेल, तर सिरिंज थांबविणारी परिचारिका आपल्याच मैत्रिणीचे नाव कशाला लिहील? तो रकाना काढून टाकावा. हेतुपुरस्सर निष्काळजीपणाची चौकशी वेगळ्या मार्गाने व्हावी. ती या वहीचे काम नव्हे.

शेजारच्या भंडारा जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे नवजात शिशू कक्षाला आग लागली. १७ बाळांपैकी १० दगावली. त्यानंतर सर्वत्र अग्निशामक नळकांडी मोजली गेली, ते योग्यच झाले. पण वॉर्मरचा प्लग हाताला गरम लागला, तर ती गोष्ट आपल्या कक्षात कोठे लिहिली जाते? बहुतेक ठिकाणी वीजतंत्र्याला तोंडी निरोप जातो आणि तो येईपर्यंत वॉर्मर चालूच राहतो. खाणीच्या हिशेबाने हा झिजलेला दोर आहे.

प्रकार आणि तीव्रता यांचे रकाने मात्र स्वतंत्र ठेवावेत. औषध, उपकरण, ओळखीची गफलत, संसर्ग, पडणे हे प्रकार झाले. प्लगची घटना ‘उपकरण’ या प्रकारात, पण संभाव्य तीव्रतेत अगदी वरच्या पायरीवर बसते. श्रेणी एकट्या विभागप्रमुखाने ठरवू नये, निदान एक परिचारिका सोबत असावी. खणात काय आहे ते तिला अधिक ठाऊक असते. शेवटचा रकाना ‘काय बदलले व कोणत्या तारखेला’ असा असावा. ४० मिलिग्रॅमची कुपी वेगळ्या खणात गेली, तारीख पडली, की ती नोंद बंद करावी.