पूड सांगते भिंत कशाची

मामीला मामांचा फोटो बैठकीत लावायचा होता, दारातून येणाऱ्याला आधी तोच दिसावा असा. तिगावातलं त्यांचं घर नवीन. मुलानं आधी खिळे ठोकून पाहिले. चार खिळे वाकले आणि बशीएवढा प्लास्टरचा पोपडा खाली आला. मग कुणाची तरी ड्रिल मशीन आणली. मी पोचलो तेव्हा बिटचं टोक निळं पडलं होतं आणि भोक होतं जेमतेम नखाएवढं. "मशीन चालून राहिली भाऊ, पण भोकच पडून नाही राहिलं," तो म्हणाला.

मी खाली सांडलेली पूड चिमटीत घेतली. वीस वर्षं वायरमनचं काम करतोय, त्यात लागलेली ही सवय. पूड लाल निघाली तर वीट. राखाडी आणि मऊ तर प्लास्टर. काळसर आणि बोटांना खरखरीत लागली की आत गिट्टी, म्हणजे कॉलम नाहीतर बीम. आणि चकाकणारा लोखंडाचा कीस दिसला की हात तिथंच थांबवायचा, कारण पुढे सळई आहे. मामीच्या भिंतीची पूड काळसर होती. फोटोची जागा नेमकी कॉलमवर आली होती.

आपल्या घराची सगळी भिंत काँक्रीटची नसते. भिंत विटांची असते. काँक्रीट असतं ते कॉलम, बीम आणि स्लॅबमध्ये. पांढुर्णा-सौसरकडची गिट्टी काळ्या दगडाची, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाची. शिवाय घरबांधणीचं काँक्रीट किमान एम 20 दर्जाचं असावं असं भारतीय मानक सांगतं. म्हणजे 28 दिवसांनी त्यानं चौरस सेंटिमीटरला साधारण 200 किलो दाब सोसला पाहिजे. असा दगड नुसता फिरवून कापला जात नाही, ठोके देऊन फोडावा लागतो. त्या मुलाच्या मशीनवरचं हातोडीच्या चित्राचं बटण बंदच होतं. बिट नुसतं घासत होतं, तापत होतं. टोकाला जोडलेली कार्बाइडची चकती अशी तापली की सुटून येते.

साध्या मशीनचे ठोके हलके असतात, तिला मागून जोर द्यावा लागतो. कॉलमसाठी रोटरी हॅमर आणावी, भाड्यानं मिळाली तरी चालेल. तिच्यात हवेच्या दाबावर दट्ट्या मिनिटाला चार-पाच हजार दणके देतो. तिच्यावर अंग टाकायचं नाही, फक्त सरळ धरायची. जोर लावणाऱ्याचं भोक वाकडंच जातं.

मामीकडे मी 6 मिलिमीटरचं बिट लावलं. 40 मिलिमीटरवर चिकटपट्टी गुंडाळली, म्हणजे खोली कळते. दर पाच-सात सेकंदांनी बिट बाहेर ओढून पूड काढली. पूड आत अडकली तर बिट तीच पुन्हा दळत बसतं. शेवटी सायकलच्या पंपानं भोक साफ केलं. तोंडानं फुंकू नका. ती धूळ डोळ्यांत जाते आणि फुप्फुसांनाही वाईट. चष्मा आणि मास्क लावायलाच हवा.

40 मिलिमीटरच का? कॉलमच्या सळईवर साधारण 40 मिलिमीटर काँक्रीटचं आवरण असावं लागतं, वर 12-15 मिलिमीटर प्लास्टर. एवढ्या भोकानं सळईला धक्का लागायला नको. पण मिस्त्रीनं सळईला कव्हर ब्लॉक बांधले नसतील तर सळई आधीच लागते. मग दोन इंच बाजूला सरका. जखमी सळईला ओल लागली की गंज चढतो, गंज फुगतो आणि काँक्रीट फोडतो.

मग रावळ प्लग बसवला. हे नाव रॉलिंग्स या इंग्रज ठेकेदाराचं. तागाच्या दोऱ्यांचा पहिला प्लग त्यानं 1911च्या सुमारास काढला. त्याआधी छन्नीनं खड्डा करून लाकडी गुटका सिमेंटमध्ये बसवत. माझ्या वडिलांनी पुढेही कित्येक वर्षं तसंच काम केलं. आजीच्या मातीच्या घरात तर खुंट्या आणि देवळ्या भिंत चढतानाच ठेवलेल्या होत्या. कुठं काय टांगायचं ते बाईमाणसं आधी सांगत. ती पद्धत मला आजही शहाणपणाची वाटते.

एकदा एका घरी मी बोर्डाच्या सरळ वर भोक पाडलं आणि आतल्या पाइपातली वायर कापली. ठिणगी उडाली, घर अंधारात गेलं. मशीनची मूठ प्लॅस्टिकची होती म्हणून वाचलो. वायर बोर्डापासून सरळ वर, खाली किंवा आडवी जाते. त्या रेषेत भोक नको. खोलीची लाइन बंद करून मशीन दुसऱ्या खोलीतून जोडावी.

मामांचा फोटो लागला. मामीनं हार घातला.

घर बांधत असाल तर एक करा. प्लास्टर चढण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, फुटपट्टी टेकवून. कॉलम, सळया, वायरचे पाइप सगळं त्यात दिसू द्या आणि तो फोटो घरातल्या दोघांच्या तरी मोबाइलमध्ये ठेवा.