एक शिळा, चार लिप्या

सिसिली या इटलीच्या बेटावर ग्रीक आले, रोमन आले, अरब आले, मग नॉर्मन. सत्तांची ही जंत्री मी वाचत बसणार नाही. पालेर्मोच्या झीझा राजवाड्यात इ.स. ११४९ची एक शिळा आहे. तेव्हा राजा होता नॉर्मन वंशाचा दुसरा रॉजर. ग्रिसान्तो या ख्रिस्ती धर्मगुरूनं आपल्या आईच्या, अन्नाच्या स्मरणार्थ ती कोरून घेतली, तीही लॅटिन, ग्रीक, अरबी आणि हिब्रू लिपीतली अरबी अशी चारदा! आपलं दुःख शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही वाचता यावं, असंच त्याला वाटलं असेल. पुढच्या शतकात सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकनं इथल्या मुसलमानांना मुख्य भूमीवरच्या लुचेरा गावी हलवलं. १४९२च्या फर्मानानं ज्यूंनाही बेट सोडायला लावलं. शिळेवरचे दोन मजकूर वाचणारे शेजारीच उरले नाहीत.